कुदळ मारण्याआधी

गेल्या महिन्यात गावाकडून एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. नात्याने आमचा पुतण्या लागतो. "जय भीम काका," तो म्हणाला, "यादीत नाव आलं. घरकुल मंजूर झालं. आई-आबा कारखान्यावरून आले की लगेच काम काढायचं. चौदा एप्रिलच्या आत कुदळ मारायची, आणि ती तुमच्या हातानं." ऐकून आनंद झाला. ज्या घरात तो वाढला ते आम्ही पाहिलेले आहे. पावसाळ्यात अंथरुणे कोपऱ्याकोपऱ्यात सरकवावी लागत. आम्ही अभिनंदन केले आणि विचारले, "जागा कुणाच्या नावावर आहे?"

थोडा वेळ फोनवर कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "आपलीच की काका. आजोबांच्या आधीपासून तिथंच राहतोय."

"राहतोय ते ठाऊक आहे रे. उताऱ्यावर नाव कुणाचं आहे?"

"ते बघावं लागंल."

हे उत्तर आम्ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की कोणी घर बांधायला काढले असे कळले की हा प्रश्न आपसूकच तोंडातून निघतो. काही मित्र त्यामुळे आमच्यावर रागावतात. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला लागली आग, अशी आमची गत आहे असे त्यांचे म्हणणे. असेल. परंतु आयुष्यभराची कमाई विटांत घातल्यावर ज्यांच्या दारी नोटीस आली, भावकीचा दावा आला किंवा सावकाराचा माणूस आला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. म्हणून आज याच विषयावर लिहीत आहोत.

आपल्या समाजात घर ही साधी गोष्ट कधीच नव्हती. या व्यवस्थेने आपल्याला जागा दिली ती गावकुसाबाहेर. तेथेही घर केवढे असावे, त्यावर कौले घालावीत की नाही, यावर गावाची नजर असे. पुढे शिकलेल्यांनाही हा भोग चुकला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात डोके टेकायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि लोक काठ्या घेऊन आल्यावर तेथूनही बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यानंतरही कितीतरी वर्षे त्यांचा संसार परळच्या बी. आय. टी. चाळीत होता. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे केले. त्या घरात पहिला विचार ग्रंथांचा होता, आणि नकाशात व बांधकामात त्यांनी जातीने लक्ष घातले होते. राजगृहाचे चित्र आज आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर आहे. त्या घरामागची तयारी मात्र आपण घेतलेली नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न एकट्या कुटुंबाचा मानला नव्हता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावाने केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांतही माणसाच्या पायाखालच्या जमिनीचाच प्रश्न होता. म्हणजे जागेचा आणि घराचा प्रश्न हा चळवळीचा प्रश्न होता. आज तो 'ज्याचे त्याने बघावे' असा होऊन बसला आहे. घरकुलाच्या यादीत नाव घालण्यासाठी आपण पंचायत समितीवर मोर्चा नेतो, आणि नाव आले की मोर्चा संपतो. खरे काम तेथून पुढे असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ठिकठिकाणी समतानगर, भीमनगर अशा पाट्या लागल्या. चांगले झाले. पण पाटी बदलली म्हणून उतारा बदलत नाही. आपल्या वस्तीतली घरे कोणत्या जमिनीवर उभी आहेत हे एकदा शांतपणे पाहिले पाहिजे. कारण प्रत्येक जमिनीची दुखणी वेगळी आहेत.

ज्यांचे घर गावठाणात आहे त्यांच्याकडे बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. आपण तो जपून ठेवतो आणि हीच मालकी असे समजतो. वास्तविक तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकीचा वाद कोर्टात गेला तर तो एकटा पुरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घराघराची मिळकत पत्रिका तयार होत आहे. ही पत्रिका महत्त्वाची आहे. पण मोजणीची माणसे येतात त्या दिवशी आपली अर्धी वस्ती ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली असेल, तर आपली हद्द कोण दाखवणार? शेजाऱ्याने सांगितली तीच हद्द कागदावर जाण्याची भीती आहे. दाराला कुलूप असले तरी वस्तीतल्या कोणीतरी तेथे उभे राहिले पाहिजे.

वतनाच्या जमिनीवर घर असेल तर गोष्ट आणखी वेगळी. महार वतनाचे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बिल आणले होते. ती वतने प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने. जमिनी ठरावीक रक्कम भरून पुन्हा मिळाल्या, पण अटीवर मिळाल्या. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते, ते याचसाठी. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. बँकेत गेलात तर कर्जाचे बोलण्याआधी साहेब हीच ओळ दाखवतो. ही अट आपल्याला लुबाडणुकीपासून वाचवण्यासाठीही होती हे खरे. अडचण एवढीच की, ती आपल्या सातबारावर आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना पाया खोदल्यावर कळते.

गायरानावरच्या घरांचे तर विचारूच नका. मराठवाड्यात माणसांनी मार खाऊन, खटले अंगावर घेऊन गायराने धरली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग खटल्यातला निकाल आला आणि गायरानाबाबत सरकारचे धोरण कडक झाले. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा अनेक वस्त्यांची झोप उडाली. अशा जागेवर राहणाऱ्यांनी वीजबिल, घरपट्टीची पावती, जुनी मतदार यादी, तलाठ्याकडची एक-ई ची नोंद यातला प्रत्येक कागद पत्र्याच्या पेटीत जपला पाहिजे. अतिक्रमण नियमित होण्याचा प्रश्न येतो तेव्हा 'तुम्ही कधीपासून येथे आहात' हेच विचारले जाते, आणि त्याचे उत्तर तोंडाने सांगून चालत नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावे लांबली, हेलपाटे तेवढेच राहिले.)

तालुक्याच्या गावी नोकरीला लागलेले आमचे बांधव आणखी एका खड्ड्यात पडतात. शेतातला गुंठा-दीड गुंठा शंभर-पाचशेच्या बॉन्डवर लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि प्लॉट घेतला म्हणून पेढे वाटतात. नोंदणी नसलेल्या कागदाने जमीन नावावर होत नाही, हे शिकलेल्या माणसालाही सांगावे लागते याचे दुःख होते. गुंठेवारीचा कायदा २००१ साली झाला, २०२१ मध्ये त्याची मुदतही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण कायदा झाला की आपले आपोआप नियमित होते असे नाही. अर्ज करावा लागतो, रक्कम भरावी लागते.

आता पैशाचे बघू. कारण कागद नसला तर घर जाते, पण पैशाचा हिशेब चुकला तर माणूस जातो.

प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली आली तेव्हापासून ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार. २००८-०९ पासून राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेतही ग्रामीण भागात तेवढेच. घराचे क्षेत्र किमान २६९ चौरस फूट. वर शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळत आली आहे. दुसऱ्या टप्प्यातल्या प्रधानमंत्री आवासच्या घरांना ५० हजारांची भर घालण्याचे राज्याने २०२५ मध्ये ठरवले. याउलट मिस्त्री काय सांगतो? त्याने चौरस फुटाला पंधराशे रुपये सांगितले असे धरा. त्यापेक्षा कमी दर सांगणारा आम्हाला तरी अलीकडे भेटलेला नाही. २६९ ला पंधराशेने गुणा. ४ लाख ३ हजार ५०० होतात. मूळ अनुदान, शौचालय, मजुरी सगळे वजा केले तरी अडीच लाखांच्या आसपास खड्डा उरतो. वाढीव ५० हजार पदरात पडले तरी दोन लाख राहतातच. शिवाय अनुदान एकरकमी येत नाही. जोते झाले की एक हप्ता, पुढचे काम झाले की दुसरा. पुढचा हप्ता हवा तर आधी काम झाले पाहिजे, आणि काम व्हायचे तर आधी पैसा पाहिजे.

हा खड्डा आमचा माणूस कशाने भरतो? आमच्या भागात उत्तर एकच, उचल. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर उचल घेतली जाते, आणि तिच्यातून स्लॅब पडतो. वरून बघणाऱ्याला वाटते समाज सुधारला, मातीची घरे गेली. पण त्या स्लॅबसाठी पुढचे दोन गळीत हंगाम लिहून दिलेले असतात. दिवाळी झाली की नव्या घराला कुलूप लागते. लेकरे शाळेतून निघतात आणि कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात. स्लॅबचे घर गावात रिकामे, आणि ज्यांच्यासाठी बांधले ती पोरे कोपीत! एका घराच्या ओट्यावर बसून आम्ही त्या बाईला विचारले, "घर कसं झालं, वहिनी?" ती म्हणाली, "घर चांगलंय भाऊजी. राहायला मिळालं की अजून बरं वाटंल."

उचल नाही तर महिलांच्या गटावर दिलेले फायनान्सचे कर्ज. दर आठवड्याला हप्ता. एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. घर एकाचे आणि तगादा दहा जणींच्या दारात. यातून वस्तीतला एकोपा कसा मोडतो हे आपण पाहत आहोत.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, जे घर माणसाला पुन्हा दुसऱ्याच्या दावणीला बांधते ते घर त्या वर्षी बांधू नये. हे वाक्य अनेकांना आवडणार नाही. अनुदान मुदतीत वापरले नाही तर परत जाईल, हा धाकही खरा आहे. पण लहान बांधता येते, टप्प्याने बांधता येते. पाया, जोते आणि भिंती पक्क्या करून वर पत्रा टाकला तर ते घर कच्चे होत नाही. स्लॅब पाच वर्षांनी टाकता येतो. त्यासाठी भिंती आणि पाया आधीच त्या हिशेबाने धरावे लागतात, एवढेच. आपल्याकडे उलटे होते. पायात काटकसर आणि पुढच्या बाजूला रंगीत फरशी, कठड्याला स्टीलचे पाइप, दारावर नक्षी. शेजाऱ्याचे घर बघून आपला नकाशा ठरतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांना मान मिळाला नाही त्यांना घराच्या पुढच्या बाजूवर मान दिसावा असे वाटते, हे आम्हाला कळते. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण दारावरच्या नक्षीचे व्याज कोण भरणार, हे काम काढण्याआधी वहीत लिहावे.

वहीचे सांगतो. ढोबळ मानाने स्लॅबच्या घराला चौरस फुटामागे सिमेंटची ०.४ गोणी आणि साडेतीन ते चार किलो लोखंड लागते. म्हणजे २६९ फुटांना सव्वाशेच्या आत गोण्या आणि टनभर लोखंड. वाळू पाच ब्रासच्या आसपास; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू विनामूल्य द्यायचे ठरले आहे, तेव्हा तिचा अर्ज काम काढण्याआधी करावा. हे आकडे लिहून खिशात ठेवले की दुकानदार आणि ठेकेदार दोघांचाही आवाज थोडा खाली येतो, हा अनुभव आहे.

आमचा स्वतःचा अनुभव मात्र सांगायला लाज वाटावी असा आहे. १९९८ साली तालुक्याच्या गावी आम्ही घर बांधले. जागा काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतात वाढलेल्या आम्हाला कोणी शिकवायला नको होते. मिस्त्री म्हणाला, तीन फूट पुरे. आम्ही हो म्हटले. मुरूम लागेपर्यंत खोदायला हवे होते. त्याला आणखी दीड-दोन फूट लागले असते. पण त्या महिन्यात आम्ही जयंती उत्सव समितीचे खजिनदार होतो. वर्गणीच्या पाच-पाच रुपयांच्या पावत्या जुळवत रात्री जागवल्या, आणि स्वतःच्या घराच्या पायाकडे एक दिवस बघितले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडा गेला. तो बुजवला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला. आजही आहे. मिस्त्रीला दोष देऊन काय करणार? त्याने विचारले होते, आम्हीच मान हलवली होती.

आमच्या या भागात पायाची आणि भिंतीची हयगय काय करते हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, यांखाली झोपलेली माणसे गाडली गेली. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रिटचे तीन पट्टे सलग फिरवले तर साध्या विटांचे घरही धक्क्यात एकत्र धरून राहते. त्याचा खर्च दारावरच्या नक्षीपेक्षा फार जास्त नसतो.

काँक्रिटमध्ये पाणी जास्त घालू देऊ नये. ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी गेले की माल ओतायला सोपा होतो आणि ताकदीला कमी पडतो. स्लॅब पडल्यावर निदान दहा-चौदा दिवस तो ओला ठेवावा लागतो. ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येते तेथे मे महिन्यात स्लॅब टाकून त्याला पाणी कोठून पाजणार? चौदा एप्रिलला गृहप्रवेश व्हावा ही भावना चांगली आहे, पण सिमेंटला तारीख कळत नाही.

आणखी एक सांगायचे राहते. पुण्या-मुंबईत जे मनोरे उभे राहतात त्यांवर सेंट्रिंगचे, गवंडीकामाचे, बिगारीचे हात पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतले असतात. दुसऱ्याचा वीस मजल्यांचा इमला बांधणाऱ्या माणसाला आपल्या गावी घर बांधताना कोणी विचारत नाही. तालुक्याहून ठेकेदार आणला जातो, कारण त्याच्याकडे मोटारसायकल आणि छापील कार्ड असते. आपल्या गवंड्याला पूर्ण मजुरी देऊन काम द्यावे. भावकीतला आहे म्हणून अर्ध्या मजुरीवर राबवू नये, एवढे मात्र पाळावे.

नकाशाकडे वळलो की वास्तुशास्त्र आडवे येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आग्नेयेला चूल आणि ईशान्येला पाणी, असा हट्ट चाललेला आम्ही कानांनी ऐकला आहे. ज्या शहाण्यांनी दिशांना पवित्र-अपवित्र ठरवले, त्यांच्याच गावरचनेने तुमच्या-आमच्या पणजोबांना गावकुसाबाहेर बसवले होते. त्या शास्त्राला विचारून आपण आपली चूल कोठे मांडायची? चूल तेथे मांडावी जेथून धूर बाहेर जातो आणि बाईच्या डोळ्यांत जात नाही. खिडकी तेथे काढावी जेथून वारा येतो. गृहप्रवेशाला त्रिशरण-पंचशील, बुद्धवंदना आणि आप्तेष्टांना साधे जेवण एवढे पुरे. मुहूर्त विचारायला जाऊन वर दक्षिणा देणे हे कर्जाच्या पैशाने तर मुळीच शोभत नाही.

शौचालयाबाबत आम्ही थोडे हट्टी आहोत. गावागावांत लोक मोठी सेप्टिक टाकी बांधतात आणि म्हणतात, वीस वर्षे काळजी नाही. वीस वर्षांनी ती कोण उपसणार? त्या टाकीत उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारांत आणि टाक्यांत गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय त्यापेक्षा स्वस्त पडते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातल्या मैल्याचे वर्ष-दीड वर्षात कोरडे खत होते आणि कोणालाही त्यात उतरावे लागत नाही. विहिरीपासून ते तीस-पस्तीस फूट लांब असावे. काळ्या मातीत पाणी कमी जिरते, तेथे खड्डे मोठे घ्यावेत. ज्या घरासाठी आपल्याच भावाला टाकीत उतरावे लागणार आहे, त्याच्या दारावर 'जय भीम' लिहिताना हात अडखळला पाहिजे.

२६९ फुटांत अभ्यासिका कोठून काढणार, असे लोक विचारतात. अभ्यासिका काढू नका. खिडकीखाली भिंतीतच दोन फूट रुंदीची फरशी बसवा आणि वर तीन फळ्या टाका. मिस्त्रीला हे भिंत उचलताना सांगितले तर दोन-चार गोष्टींत भागते; नंतर करायचे म्हटले की होत नाही. टीव्हीची जागा बहुतेक घरांत नकाशातच ठरलेली असते. पुस्तकाची ठरवायला काय हरकत आहे?

आता ज्या गोष्टीने आमची झोप खरोखर उडते तिच्याकडे येतो. आजोबांच्या नावावरची जागा वारसांच्या नावावर करायची म्हटले की मुलांची नावे लागतात आणि मुलींना बोलावून हक्कसोड लिहून घेतला जातो. बहिणीला साडी, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी, आणि सही. हे सवर्णांच्या घरात चालते असे नाही. आपल्या घराघरांत चालते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यातून पुढे १९५६ चा वारसा कायदा निघाला. तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क मिळाला. आणि आम्ही काय करतो? जयंतीच्या व्यासपीठावरून हिंदू कोड बिलावर भाषण देतो आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला तालुक्याच्या रजिस्ट्रारकडे नेतो. बहिणीने राजीखुशीने हिस्सा सोडला तर तिचा अधिकार आहे. पण तिला काय सोडते आहेस हे कोणी समजावून सांगितले होते का? बहुतेक ठिकाणी तिला एवढेच सांगितलेले असते की, सही नाही केलीस तर घरकुल जाईल आणि माहेर तुटेल.

नव्या घरावर बायकोचे नाव नवऱ्याबरोबर लागले पाहिजे, हेही याच वहीत लिहावे. घरकुलाच्या मंजुरीत ते बहुधा असते. नमुना आठला आणि मिळकत पत्रिकेला मात्र राहून जाते. विटा उचलताना तिचे डोके चालते, कागदावर तिचे नाव का चालत नाही?

हे सगळे एकट्या कुटुंबाने करायचे म्हटले तर ते दमते. वस्तीत जयंतीची समिती असते, विहाराची समिती असते. वर्गणी, मंडप, मिरवणूक यांचे नियोजन आपली तरुण मुले इतके चोख करतात की पोलिसही मान्य करतात. त्याच विहारात घराच्या कामाची एक वही का असू नये? समाजातले निवृत्त तलाठी-ग्रामसेवक आहेत, अभियंते आहेत, गवंडी आहेत, बचत गट चालवणाऱ्या बाया आहेत. महिन्यातून एका रविवारी वंदना झाली की तासभर त्यांनी बसावे. ज्याचे नाव यादीत आले त्याचा उतारा पाहावा, पैशाचा खड्डा किती ते त्याच्यासमोर मांडावे आणि पाच-सहा घरांचे सिमेंट-लोखंड एकत्र घ्यावे. यातले एकही काम सरकारी आदेशाची वाट बघत अडून राहिलेले नाही. निवृत्त झालेल्या आमच्या अधिकारी मित्रांना भाषणापेक्षा हे काम जड वाटेल, पण त्यांनी एकदा करून पाहावे.

पुतण्याचा परवा पुन्हा फोन आला. नमुना आठ मिळाला. त्यावर नाव आजोबांचेच निघाले, वारस नोंद कधी झालेलीच नाही. आजोबांना वारस तिघे. त्याचे आबा आणि दोन आत्या, एक परभणीला दिलेली आणि एक गावाजवळच. ग्रामपंचायतीत कोणीतरी त्याला सांगितले की आत्यांचा हक्कसोड घेऊन ये, आठ दिवसांत काम होईल. आम्ही म्हटले, मग?

"मग काय काका," तो म्हणाला, "तिघांचीबी नावं लावा म्हणून अर्ज दिला. रविवारी आत्याकडं चाललोय. घर बांधतोय, तुमच्या वाट्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, असं विचारणार. आबांना अजून सांगितलं नाही. ते कारखान्यावर आहेत, चिडतील."

कुदळीची तारीख पुढे गेली आहे. आबा आले की आम्हालाही गावी जावे लागेल.